लाल रेघ हललीच नाही

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतेय. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पावलं वाजतात... मी मनात म्हणायचे, जरा कमी जेवा आणि वेळेवर झोपा. आमच्या घरात या गोष्टींना थाराच नव्हता. आम्ही आटगावचे. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक गेले, आणि त्यांच्याबरोबर अंगारे, उतारे, भगत हे सगळंच गेलं. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. "भूत असतं तर रुळांवर सगळ्यांत आधी मला भेटलं असतं," असं ते म्हणायचे. त्यात मी फिजिक्स घेतलं. म्हणजे उरलासुरला संशयही गेला.

तरी आज लिहायला बसलेय. हे एवढं लिहीपर्यंत तीनदा उठले. एकदा चहा ठेवला, एकदा गॅस बंद केलाय का ते पाहून आले, एकदा उगाचच. जे घडलं ते भर दिवसा, जानेवारीच्या उन्हात घडलं. कुणी पांढऱ्या साडीत नव्हतं. माणसांची नावं बदलली आहेत आणि वाडीचं नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. बाकी सगळं जसंच्या तसं.

साल १९९८-९९, हिवाळा. मी मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते. विषय सोपा करून सांगते. सिलिकॉनच्या चकतीवर लोखंड आणि निकेलचा एक अतिशय पातळ थर बसवायचा — केसाच्या जाडीचा हजारावा भाग, इतका पातळ. त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर प्रकाश पाडायचा. थरावरून परत फिरताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते. किती वळते ते प्रत्येक रंगाला वेगळं. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एकेक रंग घ्यायचा, वळण मोजायचं, त्याचा आलेख काढायचा. त्या आलेखावरून थराच्या आतली रचना कळते. हे वळण इतकं बारीक असतं की एका आलेखाला अख्खी सकाळ जाते.

अडचण अशी होती की माझा थर फार हळवा होता. आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात जरा खळबळ झाली की आकडे बिघडायचे. मुंबईत लिफ्ट, पंप, लोकल... काही केल्या जमेना. मग सामान आटगावला घरी आणलं. तिथं तर वेगळीच गंमत. गाडी स्टेशनातून सुटली की रुळांतला करंट जमिनीत पसरतो, आणि माझं पेन कागदावर उडी मारतं! वडिलांना फार मौज वाटली. पेन हललं की ते गाडी ओळखायचे — ही कसारा फास्ट, ही मालगाडी. पण माझी टर्म वाया चालली होती. गाइड म्हणाले, रेल्वे नाही अशी जागा शोध, नाहीतर विषय बदल.

रेल्वे नाही म्हणजे मुरबाड तालुका. माझी चुलत बहीण सुनंदाताई धसईला दिलेली. भाऊजी तिथं प्राथमिक शाळेत शिक्षक. धसईपासून पाऊण तास चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याला एक वाडी लागते. वाडीच्या खालच्या अंगाला भाऊजींचं शेत आणि त्यात बियाणं ठेवायची विटांची एक खोली. ती त्यांनी मला मोकळी करून दिली. खिडकीचे लोखंडी गज काढून लाकडी बसवले, दाराच्या बिजागऱ्या पितळेच्या लावल्या. ट्रकच्या दोन बॅटऱ्या ठेवल्या. लाइटचा भरवसा नव्हता. मी सोमवारी शहापूरहून एस.टी.ने जायचे, आठवडाभर ताईकडे राहायचे, शनिवारी परत. सकाळी आठ ते दुपारी चार, अशी माझी ड्युटी.

मोजमाप लिहायला एक यंत्र होतं. कागदाची गुंडाळी हळूहळू सरकत राहते आणि त्यावर दोन पेनं रेघा ओढतात. निळं पेन प्रकाशाचं. लाल पेन खोलीतल्या चुंबकीय क्षेत्राचं, म्हणजे बाहेरून काही गडबड झाली तर ती कळावी. लाल पेनाचा सेन्सर खिडकीपाशी होता. आणि खिडकीला लागून, हातभर अंतरावरून, वाडीतून धसईला जायची पायवाट.

पहिल्या आठवड्यात मी वैतागले. कुणीही गेलं की लाल रेघ हलायची. मग लक्षात आलं की प्रत्येकाची हलण्याची तऱ्हा वेगळी आहे. सायकल गेली की दोन उंचवटे. डोक्यावर लोखंडी घमेलं असेल तर एक पसरट. लांबच्या रस्त्यावरून एस.टी. गेली की पोट फुगल्यासारखी सावकाश चढण. एखादी बाई नुसती ॲल्युमिनियमची कळशी घेऊन गेली तर काही नाही. मी पेन्सिलीनं बाजूला नावं लिहू लागले, म्हणजे नंतर तेवढे आकडे वगळता यावेत.

सगळ्यांत मोठी उडी गोमाची. गोमा वाडीतला. तिशी-पस्तिशीचा, काटक, फार बोलणारा नाही. भातशेती थोडी, बाकी जंगलातलं — हिरडा, शिकेकाई, मध. वाडीतल्या सगळ्या पुरुषांसारखा त्याच्याही कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असायचा. पहिल्यांदा खोलीत डोकावला तेव्हा टेबलावरचं स्पीकरमधून काढलेलं मोठं चुंबक त्यानं उचललं आणि कोयत्याला लावलं. ते चिकटलं ते निघेना. दोघांनी ओढून काढलं. त्या दिवसापासून त्याच्या कोयत्याला सुया चिकटायच्या. त्याची बायको हिरी मला म्हणाली, "ताय, तुमी त्याचा कोयता नासवलात." पण गोमाला त्याचं कौतुक. रोज खिडकीशी थांबायचा आणि विचारायचा, "माझी रेघ आली का गो?" मी कागद दाखवायचे. दोन बोटं उंच उडी. तो समाधानानं बघायचा आणि जायचा.

महिनाभर हे असं चाललं. मला गोमाकडे बघावंही लागत नसे. लाल पेन उडालं की मी 'गोमा' लिहायचे आणि मग मान वर करायचे.

जानेवारीचा दुसरा की तिसरा आठवडा. त्या दिवशी मी सर्वांत अवघड भाग घेतला होता — निळ्या-जांभळ्या टोकाचा. तिथं प्रकाश कमी मिळतो, वळणही कमी. सकाळपासून रेघ सुंदर चालली होती. अकरा वीसला खिडकीत सावली आली. मी वर पाहिलं. गोमा होता.

अंगात तोच विटका निळा सदरा. कोयत्याची मूठ पाठीमागून दिसत होती. ओठ फार कोरडे दिसले, एवढं आठवतं. मी पेन्सिलीनं कागदावर 'गोमा ११.२०' लिहिलंसुद्धा, सवयीनं.

तो म्हणाला, "ताय, मी कोंडीवर हाय. हिरीला सांगा."

मी "बरं" म्हटलं. कारण त्याच वेळी माझं लक्ष लाल पेनाकडे गेलं होतं. ते हललं नव्हतं. सरळ रेघ... जशी काही खिडकीत कुणी नाहीच.

मी कागदाकडेच बघत राहिले. आता उडेल, मग उडेल. नाही. वर पाहिलं तेव्हा खिडकी रिकामी होती.

मला काय वाटलं असेल? भीती? अजिबात नाही. मला वाटलं, सेन्सर मेला. महिन्याभराचं काम, दोन आठवड्यांनी गाइडला दाखवायचं, आणि सेन्सर मेला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्याजवळ नेला. पेन टुणकन उडालं. म्हणजे जिवंत आहे. दूर नेला. शांत. थोड्या वेळानं एक सायकल गेली, दोन उंचवटे आले, नेहमीसारखे. मग वाटलं, वायर सैल असेल, अधूनमधून तुटत असेल. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. बॅटरी तपासली. कागदाची गती तपासली. डबा आणला होता, तो उघडलासुद्धा नाही. खोलीत येरझाऱ्या घालत होते, बसवत नव्हतं. बाहेर जाऊन पायवाटेवर स्वतः चालून पाहिलं — हातात भाऊजींचा विळा घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी आत येऊन बघावं तर रेघ हललेली.

हिरीचा निरोप? विसरले. म्हणजे पूर्ण विसरले असंही नाही. मनाच्या कोपऱ्यात होता. वाटलं, संध्याकाळी जाताना सांगू. कोंडी कुठं ते मला ठाऊक नव्हतं, पण कोंडीवर आहे म्हणजे आहे, त्यात घाई कसली.

पावणेतीनच्या सुमाराला हिरीच दारात आली. तिनं विचारलं, गोमा इकडून गेला का. पहाटेच शिकेकाईला गेलाय, दुपारच्या भाकरीला येतो म्हणाला होता, आला नाही.

मी म्हटलं, "अगं, सकाळी इथं येऊन गेला. अकरा-सव्वाअकराला. कोंडीवर आहे म्हणून तुला सांगायला सांगितलंन. मीच विसरले."

हिरी माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "कोंडीवं हाय, तं हितं कसा येल?"

मला समजलं नाही. तिनं हात करून दाखवलं. कोंडी म्हणजे ओढ्यातला खोल डोह, वर डोंगराच्या पोटात, वाडीपासून चढून तासाभरावर. तिथं जायची वाट वाडीच्या वरच्या अंगानं. माझ्या खोलीवरून नाहीच. कोंडीवर असलेला माणूस मला निरोप द्यायला सबंध डोंगर उतरून, स्वतःचं घर ओलांडून खाली येईल आणि घरी न सांगता परत वर जाईल?

"कंचा सदरा होता?" तिनं विचारलं.

"निळा."

ती वळली आणि वाडीकडे पळत सुटली. मी यंत्र चालूच ठेवून तिच्या मागे गेले.

वाडीत गोमाचा भाऊ होता, आणखी दोघं होते. हिरीनं कसं काय सांगितलं कोण जाणे, पण कुणी मला उलट प्रश्न केला नाही. एक घोंगडी, एक बांबू, पाण्याची कळशी घेतली आणि निघाले. मीही निघाले. माझ्या पायांत शहरी सँडल होत्या, त्या वाटेत काढून हातात घेतल्या.

गोमा कोंडीवरच होता. पाण्यापासून चार हातांवर. वरून एक धोंडा निसटून आला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या खाली त्या धोंड्याखाली होता. अंगात सदरा नव्हता. तो काढून त्यानं मांडीला आवळून बांधला होता. कोयता खूप वर, शिकेकाईच्या जाळीपाशी खडकावर पडलेला. कमरेची आकडी रिकामी. डोळे अर्धे मिटलेले, पण जागा होता.

तिघांनी मिळून धोंडा हलवला. हिरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजत होती. मी समोर उभी. त्यानं डोळे उघडले, आणि भावाकडे नाही, हिरीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला,

"ताय, लय उशीर केलात."

रागानं नाही. नुसतंच. वेळ सांगावी तसं.

झोळी करून त्याला खाली आणलं. भाऊजींनी धसईतून जीप मिळवली. मुरबाडला पट्टी झाली, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. तिथल्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं. विचारल्याशिवाय राहवतच नव्हतं. ते म्हणाले, रक्त फार वेळ बंद होतं, तीन-चार तास आधी आणलं असतं तर कदाचित... खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. चांगले होते बिचारे. माझं समाधान करायला म्हणत होते. मी मात्र मनात हिशेब करत होते. अकरा वीस ते पावणेतीन.

पंधरा दिवसांनी गोमा बोलता झाला तेव्हा मी त्याला भेटले. कितीदा तरी तेच ते विचारलं. धोंडा कधी पडला? ऊन नुकतं खाली उतरलं होतं तेव्हा. म्हणजे नऊच्या आसपास. कोंडीवर जातो असं कुणाला सांगून गेला होतास? नाही. त्याला जायचं होतं डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर. अर्ध्या वाटेत कळलं की तिथल्या शेंगा आधीच कुणीतरी नेल्यात, म्हणून कोंडीकडे वळला. म्हणजे घरातून निघताना त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तिथं पडल्या पडल्या माझा विचार केलास का? यावर तो म्हणाला, सगळ्यांचाच केला. हिरीचा, भावाचा, म्हशीचा. तुमचाही केला असेल. आणि "उशीर केलात" असं मला म्हणालास, ते? ते त्याला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. हिरीला आठवतं, भावाला आठवतं.

कागदाची गुंडाळी मी गाइडना दाखवली. दाखवायचीच होती, कामाची होती. अकरा वीसच्या जागी पेन्सिलीनं माझ्या अक्षरात 'गोमा', आणि शेजारी ओळंब्यात धरल्यासारखी सरळ लाल रेघ. सहा मिनिटं आधी घमेलं, वीस मिनिटांनंतर सायकल, दोन्ही व्यवस्थित. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, रोज त्याच वेळेला तो माणूस येतो, तू एकटी, डोळे थकलेले, मेंदूनं चित्र भरून काढलं. मी म्हटलं, आणि कोंडी? मला तर तोपर्यंत ती जागा कुठं आहे हेही माहीत नव्हतं. हिरीनं हात करून दाखवली तेव्हा कळली. ते म्हणाले, नाव कधीतरी कानावर पडलं असेल. पडलं असेलही. वाडीत राहायचं म्हटल्यावर अशी पन्नास नावं कानावर पडतात. पण पन्नासांतलं नेमकं तेच? त्यांनी गुंडाळी परत दिली आणि जांभळ्या टोकाचं मोजमाप पुन्हा घ्यायला सांगितलं.

ते मी घेतलं. थीसिस झाला. पण त्या खोलीत मला एका जागी बसता येईना. दर पाच मिनिटांनी खिडकीशी जायचे. कुणी आलं की आधी पेनाकडे बघायचं की माणसाकडे, हेच ठरेना. भाऊजींनी विचारलं तर म्हणायचे, थंडी वाजते म्हणून फिरते.

वडिलांना दोन वर्षं सांगितलं नाही. त्यांना काय वाटेल याची लाज. शेवटी एकदा आटगावच्या घरी, दुपारी, आई बाहेर गेली असताना सांगितलं. मला वाटलं हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते भूत होतं की भास होता, ते सोड," ते म्हणाले. "निरोप मिळाला होता ना तुला? मग तो द्यायचा होता."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आणि मला आजपर्यंत यापेक्षा खरं कुणी काही बोललेलं नाही.

नंतर मी खूप वाचलं. मेंदू, स्मृती, भास, सगळं. सेन्सर बनवणाऱ्यांना पत्र लिहून विचारलं की विशिष्ट दिशेनं कोयता धरला तर तो शून्य दाखवेल का. त्यांनी लिहिलं, एखाद्या क्षणी दाखवेल, पण चालणाऱ्या माणसाला ती दिशा सारखी धरून ठेवता येणार नाही. आणि मुळात कोयता तर वर खडकावर होता! मी मूठ पाहिली होती ती कसली? यंत्र बरोबर होतं. खिडकीत लोखंड नव्हतं, कारण खिडकीत काही नव्हतं. इथपर्यंत मला पटतं. पण मग मला जे सांगितलं ते कुणी सांगितलं? ...यापुढं माझी गाडी अजून सरकलेली नाही.

गोमाला पुढं जयपूर फूट बसवला. जंगल सुटलं. आता धसईच्या बाजारात भाजी घेऊन बसतो, हिरी सोबत असते. ताईकडे गेले की मी त्याच्याकडे जातेच. पेरू देतो, पोरांची चौकशी करतो. कसली तक्रार म्हणून नाही. मात्र दर वेळी, हिरी उठून कुठं गेली की, आवाज जरा खाली आणून एक गोष्ट विचारतो. पहिल्या खेपेला विचारलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. तसं नाही.

"ताय, त्या दिशी मी तुमच्या खिडकीशी आलतो, तवा चालत कसा होतो गो? दोनी पायांवं? नीट?"

त्याला त्या दिवशी चालताना पाहिलेलं मी एकटीच. म्हणजे, असं तो समजतो.

मी दर वेळी सांगते, हो गोमा, अगदी नीट चालत होतास. तो मान डोलवतो, पुन्हा भाजीवर पाणी मारायला लागतो. तो कसा चालत गेला ते मी पाहिलंच नव्हतं, हे अजून मला त्याला सांगता आलेलं नाही. मी पेनाकडे बघत होते.